पट्टीबाहेरचा चेहरा

माझा आवाज मोठा आहे. तलावाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला मस्ती करणाऱ्या पोरांना जागेवर आणायचं तर तसाच लागतो. घरात आल्यावर तो बारीक करायचा असतो हे मला कधीच जमलं नाही. तेव्हा त्या दिवशी फोन हातात धरून मी स्वयंपाकघरात जे काही बोलले, ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं असणार. जाऊ दे. बोलण्यासारखंच होतं.

मी पोहायला शिकवते. लहान मुलं, घाबरट मोठी माणसं, गुडघे दुखणाऱ्या बायका, सगळ्यांना. तलावावर येणाऱ्या मुलांच्या पालकांचा फोनवर एक गट आहे आणि त्यावर बहुतेक वेळा मीच बोलते. नखं कापून पाठवा, टोपी विसरू नका, खाऊन लगेच पाण्यात उतरवू नका. त्या दिवशी मात्र त्या गटावर कुणीतरी एक फोटो टाकला होता. एका बाईचा चेहरा, गळ्यापासून वर. गालांवर, ओठांच्या कडेला, मानेवर फोड फुटून कातडी सोलवटलेली. डोळ्यांवर आडवी काळी पट्टी. खाली बारीक अक्षरांत एका वैद्यकीय जर्नलचं नाव, आणि त्याखाली एका मुलीच्या आईचा प्रश्न, की या आपल्या पोहण्याच्या बाई तर नव्हेत?

पुढे उत्तरांची रांग लागली होती. हनुवटीवरची खळी तीच. पुढच्या दोन दातांमधली फट तीच. डाव्या कानाची पाळी फाटलेली, तीही तीच. मग एकाने विचारलं होतं, हे पसरतं का? आणि त्याच्याखाली दुसऱ्याने, आपली मुलं रोज त्याच पाण्यात असतात.

फोटो माझाच होता.

काही वर्षांपूर्वी मला तो आजार झाला होता. आपलंच शरीर आपल्याच कातडीवर उलटतं, म्हणजे काय ते डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं, पण मला समजलं ते एवढंच, की अंथरुणाला गाल टेकला तरी कातडी चादरीला चिकटून यायची. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मी तलावावर सांगितलं की बहिणीचा पाय मोडलाय, तिच्याकडे राहायला जातेय. मला बहीण नाही हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. घरात नवऱ्याला आणि सासूबाईंना माहीत होतं, बाकी कुणालाही नाही. इस्पितळात दर भेटीला एक जण मला निळ्या कापडासमोर बसवून फोटो काढायचा. जुने फोड सुकले का, नवे कुठे आले, हे ताडून बघायला फोटो लागतात असं मला सांगितलं होतं. मी सही केली ती त्याच्यासाठी. डॉक्टरांनी एक नवं औषध वेगळ्या पद्धतीने देऊन पाहिलं आणि मी बरी झाले. कातडी अशी आली, की सासूबाई म्हणाल्या, आधीपेक्षा बरी दिसतेस. मग मी पाण्यात परत गेले आणि तो सगळा काळ मनातून पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी बोलावलं. भला माणूस आहे, पण कुणी मोठ्याने बोललं की ज्याने आवाज चढवला त्याची बाजू घेतो, आणि त्या सकाळी माझ्याआधी पालकांचे आवाज चढून झाले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, समितीची बैठक होईपर्यंत पाण्यात उतरू नका, तिकीटखिडकीवर बसा. मी म्हटलं, आजार पसरणारा नाही. ते म्हणाले, असेल हो, पण लोकांना कोण समजावणार? आणि हात पुढे करून माझी शिट्टी मागितली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सांगता सोय नाही. तरी शिट्टी दिली, कारण तोंड उघडलं असतं तर नोकरी तिथेच गेली असती.

म्हणजे गोष्ट इतकी सरळ होती. समितीसमोर पालकांची भीती गेली नाही, तर मी कायमची काठावर. तिकीटखिडकीच्या काचेतून तलाव दिसतो. माझ्या मुलांना एक तात्पुरता पोरगेलासा शिक्षक हात कसे मारायचे ते चुकीचं शिकवत होता आणि मी आत बसून लोकांना आत सोडत होते. मला दुसरं काही येत नाही, आणि येत असतं तरी मला ते करायचं नव्हतं.

नवऱ्याने त्याच्या स्वभावाप्रमाणे सोपा मार्ग काढला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना आधी शांत करायचं आणि मग दार उघडायचं, ही त्याची पद्धत, आणि ती तो घरातही वापरतो. म्हणाला, तू नाहीसच म्हणून सांग. पट्टी आहे ना डोळ्यांवर? कोण सिद्ध करणार? खोटं सांगू नये, चार दिवस मोह झाला होता. पण बहिणीच्या मोडक्या पायाचं खोटं सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले होते. आता आणखी एक खोटं वाढवायची ताकद नव्हती.

सासूबाईंनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, आणि म्हणाल्या, "पट्टी लावून झाकलंय काय यांनी? तुझे डोळे तर धड होते. जे बिघडलं होतं ते सगळं उघडं आणि जे चांगलं होतं तेवढं झाकलं."

मी हसले, आणि हसता हसता रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, डॉक्टरांकडे जाऊ, मीही येते.

डॉक्टर म्हणजे पिकलेल्या मिशांचा, हळू चालणारा माणूस. त्यांनी मला बरं केलं आहे, हे मी शेवटपर्यंत विसरणार नाही आणि त्या दिवशीही विसरले नव्हते. म्हणूनच भांडायला जास्त जड गेलं. मी फोन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पाहिलं, आणि त्यांना खरोखरच कळेना की मी का चिडले आहे.

"पण पट्टी लावलीय की," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात जराही लबाडी नव्हती. लबाडी असती तर मला बरं वाटलं असतं, तोडून बोलता आलं असतं. त्यांनी उठून कपाटातून जाडजूड पुस्तकं काढली आणि मला दाखवायला उघडली. पान उलटावं तिथे चेहरे. बायका, पुरुष, तान्ही मुलं. प्रत्येकाच्या डोळ्यांवर तीच आडवी पट्टी. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हापासून असंच चालत आलंय, ते म्हणाले. आमच्या गुरुजींनी असंच केलं, त्यांच्या गुरुजींनीही. डोळे झाकले की ओळख झाकली, हे त्यांच्या धंद्यात सगळ्यांनी इतकं धरून ठेवलं होतं, की झाकल्यावर खरंच ओळख झाकते का हे कुणी उघड्या डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. मी एका पानावर हात ठेवला. म्हातारा होता, तोंड उघडं, जीभ बाहेर.

"यांना विचारलं होतं?" मी म्हटलं.

डॉक्टरांनी ते पुस्तक मिटलं. मग बाकीचीही एकेक करून मिटली.

मग मी त्यांना तो लेखच दाखवा म्हटलं. फोटो सगळ्या गावाने पाहिला, तर लेख मी तरी वाचावा. भाषा अशी की एका ओळीत तीनदा ठेच लागावी. ते सोपं करून सांगत गेले. कोणतं औषध, किती, कधी थांबवायचं. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं, की हा आजार स्पर्शाने, कपड्यांनी, पाण्याने किंवा श्वासाने एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. मी ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. पालकांपैकी कुणीही तिथवर गेलं नव्हतं. फोटो पहिल्या पानावर होता ना.

डॉक्टरांनी आमच्यासमोर जर्नलच्या संपादकांना फोन लावला. संपादक मंडळाची बैठक दोन दिवसांनी होती, त्याच वेळी या, असं पलीकडून सांगितलं गेलं. डॉक्टर म्हणाले, मीही येतो. मला ते आवडलं. हात झटकून मोकळं होणं त्यांना सोपं होतं.

जर्नलचं कार्यालय सायकलींच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात जुन्या अंकांचे गठ्ठे, बाहेरच्या खोलीत एक मांडणी करणारा गृहस्थ तिरक्या टेबलावर पानं जुळवत बसलेला, आणि कोपऱ्यात चहाची किटली नि बिस्किटं. सासूबाईंना तिथे खुर्ची दिली. मंडळाचे डॉक्टर एकेक करून येत होते, चहा घेत होते, आत जात होते. सासूबाई त्यांना न्याहाळत होत्या. माणसं न्याहाळायला मिळाली की त्यांना दुसरं काही लागत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक दवाखाना आणि प्रत्येक बँक ही फुकटची करमणूक असते.

आतल्या खोलीत लांब टेबल होतं आणि भिंतीवर चौकटीत एक जुना फोटो, दोन रांगांत उभे असलेले तरुण डॉक्टर. संपादकबाई साठीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. त्यांचा आवाज इतका हळू, की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. माझं सगळं बोलणं त्यांनी मधे न तोडता ऐकलं. मला वाटलं, जिंकलो. पण मग त्या बोलल्या.

"छापलेल्या लेखात आम्ही नंतर हात घालत नाही. आज तुमचा फोटो काढला, उद्या कुणी येऊन म्हणेल माझे आकडे बदला. मग आमच्या पानांवर विश्वास कोण ठेवेल? फार तर अख्खा लेख मागे घेता येईल."

मला राग आला, पण हेही खरं की त्यांचं म्हणणं मला पटलं. तलावावर मी नियम मोडू देत नाही, तेव्हा दुसऱ्याच्या नियमावर उगाच थुंकणं मला जमत नाही. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं की लांबच्या दोन डॉक्टरांनी तो लेख वाचून तसंच औषध दिलं आणि त्यांचे रुग्ण सावरले. त्यातली एक कॉलेजात शिकणारी मुलगी होती. लेख मागे घेतला तर ती पद्धत चुकीची होती असाच अर्थ लोक काढतील. एवढं सांगून त्यांनी पुढे म्हटलं, पण तुम्ही म्हणाल ते होईल.

मला त्या मुलीचा गाल आणि तिची चादर दिसली. मी म्हटलं, लेख राहील. फोटो जाईल. दोन्ही वेगळे का करता येत नाहीत ते मला कुणीतरी सांगा.

तेव्हा टेबलाच्या कडेला बसलेल्या टकल्या हृदयतज्ज्ञांनी तोंड उघडलं. मोठ्या समजुतीच्या सुरात बोलत होते ते, आणि त्या सुराने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे बघा, तुम्हाला ओळखणाऱ्यांनी तुम्हाला ओळखलं. ते कुठेही ओळखतील. पण परक्या माणसाला त्या फोटोवरून काहीही कळणार नाही. पट्टीचा हेतू तेवढाच असतो, आणि तो साधला जातो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी भिंतीकडे पाहिलं. तो चौकटीतला फोटो कुणाचा, मी विचारलं. संपादकबाई म्हणाल्या, आमचाच, जर्नल सुरू झालं तेव्हाचा. तीसेक वर्षं झाली असतील.

मी परवानगी मागितली आणि तो उतरवून बाहेर नेला. मांडणी करणाऱ्या गृहस्थांना म्हटलं, यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी लावून द्या, जशी रुग्णांना लावता तशी. त्यांनी माझ्या मागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या संपादकबाईंकडे बघितलं. बाईंनी मानेनेच हो म्हटलं. गृहस्थांनी काळा कागद घेतला, बारीक पट्ट्या कापल्या आणि काचेवर एकेक चिकटवल्या. हात सराईत होता, रोजचंच काम. मग मी ती चौकट आत नेऊन टेबलावर उभी केली आणि सासूबाईंना हाक मारली.

त्या आल्या. या माणसांना त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं ते अर्ध्या तासापूर्वी, चहाच्या किटलीपाशी. मी म्हटलं, "आई, या फोटोतलं कोण कोण या खोलीत बसलंय ते सांगा."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. फोटोवर वाकल्या. मग वर न बघताच बोट ठेवलं.

"हे त्या कोपऱ्यातले. केस गेले, पण एक खांदा तेव्हाही वरच होता." हृदयतज्ज्ञांचा हात आपसूक खांद्याकडे गेला. सासूबाई पुढच्या डोक्याकडे सरकल्या होत्या. "हे मघाशी बिस्किट चहात पडलं म्हणून चिडले ते. ओठ तेव्हाही असेच मुडपलेले. या बाई इथल्या खिडकीजवळच्या, कपाळ बघा ना. हे उंच, यांना तर पाठमोरं उभं केलं असतं तरी सांगितलं असतं." एका चेहऱ्यापाशी मात्र त्या थांबल्या, पुन्हा खोलीभर बघितलं, आणि म्हणाल्या, "हे आज आलेले नाहीत."

"ते आजारी आहेत," संपादकबाई हळूच म्हणाल्या.

"आणि या तुम्ही. दुसऱ्या रांगेत. मान अशीच डावीकडे, कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखी."

पहिल्यांदा हसले ते हृदयतज्ज्ञच. म्हणाले, गेली कितीतरी वर्षं मी लोकांना सांगतोय की त्या फोटोतला मी ओळखूही येत नाही. मग ते गंभीर झाले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, मी मघाशी बोललो ते चूक होतं. त्यांनी हे सगळ्यांदेखत म्हटलं, आणि माझा त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे गेला. असं म्हणणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

मला बोलायचं होतं ते आता बोलता आलं, आणि आश्चर्य म्हणजे आवाज न चढवता.

"मला यांनी बरं केलं," मी डॉक्टरांकडे हात करून म्हटलं. "मला विचारलं असतंत तर मी कदाचित हो म्हटलं असतं. त्या पोरीसाठी म्हटलं असतं. पण विचारलंच नाहीत. माझा चेहरा मला न विचारता दिलात, आणि मी काय गमावलं ते मला फोनवर कळलं."

संपादकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्या बोलल्या, आणि त्यांच्या त्या हळू आवाजात काय ताकद होती ते मला तेव्हा कळलं. लेखातला एकही शब्द हलणार नाही, त्या म्हणाल्या. संकेतस्थळावरच्या लेखातून फोटो निघेल, आणि तो का निघाला ते आम्ही त्याच जागी लिहू, आमची चूक म्हणून. गुपचूप काढला असता तर ते छापलेल्यात हात घालणं झालं असतं. सांगून काढला तर ती दुरुस्ती. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या मांडणीवाल्या गृहस्थांना सांगितलं की पट्ट्या आजपासून बंद. यापुढे ज्याचा चेहरा किंवा ज्याची हकीकत छापायची, त्याला ते पान आधी वाचायला द्यायचं. तो हो म्हणाला तर छापायचं.

गृहस्थ म्हणाले, छपाईला गेलेल्या अंकात चार-पाच चेहरे आहेत, त्यांचं काय करू?

"थांबवा अंक," बाई म्हणाल्या.

अंक थांबला. नंतर ऐकलं, की मंडळातले मोठमोठे डॉक्टर स्वतः फोन लावून आपल्या जुन्या रुग्णांना विचारत होते. काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही, आणि एका आजोबांनी म्हणे, माझा फोटो छापताय तर मिशीला कलप लावून पुन्हा काढा, अशी अट घातली. जिना उतरताना सासूबाई माझा दंड धरून होत्या. म्हणाल्या, बिस्किटं मऊ पडली होती, पण माणसं बरी निघाली. मी त्या सायकलींच्या दुकानासमोर उभी राहून इतकी हसले, की दुकानदार बाहेर येऊन बघू लागला.

राहिली तलावाची समिती. त्या सकाळी काठावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि पालक यावेत म्हणून मुलांचा वर्ग बंद ठेवला होता. मुलं अर्थातच बरोबर आलीच, पोहण्याच्या कपड्यांत. मी लेखाचं दुसरं पान बरोबर नेलं होतं. व्यवस्थापकांनी घसा साफ केला, फिरवून फिरवून काहीतरी बोलले आणि शेवटी विचारलं, की तो फोटो नक्की तुमचाच आहे का, कारण डोळे तर झाकलेले होते. माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं त्यांनी. नवरा मागच्या रांगेत बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, तुला हवं ते कर अशी.

मी उभी राहिले आणि म्हटलं, फोटो माझाच. आजार मलाच झाला होता. मला बहीण नाही, तो मोडका पाय खोटा होता, कारण मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. मग ते वाक्य वाचलं. स्पर्शाने नाही, कपड्यांनी नाही, पाण्याने नाही, श्वासाने नाही. तेव्हा मात्र माझा नेहमीचा आवाज लावला.

लोकांना पटल्यासारखं दिसत नव्हतं. वाचलेलं वाक्य ते वाक्यच. एकाने विचारलं, असं छापलंय खरं, पण डॉक्टर स्वतःच्या अंगावर घेतील का? तेवढ्यात कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. ढगळ चड्डी, डोक्यावर रबरी टोपी, पिकलेल्या मिशा. मला याची काडीचीही कल्पना नव्हती. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मला पोहता येत नाही. आज शिकवाल का?"

मी आधी उतरले, मग ते शिडीचा दांडा घट्ट धरून एकेक पायरी खाली आले. उथळ भागात छातीपर्यंत पाणी. माझे दोन्ही हात त्यांनी धरले होते, ते मी एकेक करून सोडवून त्यांच्या मानेमागे नेले. मी म्हटलं, श्वास सोडा, डोकं मागे टाका, मी आहे. त्यांनी डोकं मागे टाकलं, माझ्या तळहातांवर मान टेकली, आणि नाकातोंडात पाणी जाऊन असा ठसका लागला, की मुलं खो खो हसत सुटली. पालकही हसले. मग व्यवस्थापक काठाला येऊन वाकले आणि माझी शिट्टी माझ्या हातात ठेवली. न बोलता. ते बरं केलं.

गटावर तो प्रश्न टाकणारी बाई पुढच्या रांगेत होती. तिने मुलीचा हात सोडला आणि म्हणाली, जा. मुलगी शिडीपाशी आली. मी तिची नखं पाहिली आणि तिला कापून यायला बाहेर पाठवलं. आई ओशाळून हसली. मीही हसले. तिने नंतर मला माफी मागणारा लांबलचक निरोप पाठवला आणि मी तिला टोपीचं माप कळवलं.

डॉक्टर पुढेही येत राहिले. आता त्यांना पाठीवर तरंगता येतं, फक्त मिशा पाण्याबाहेर. काही महिन्यांनी ते काठावर बसून केस पुसत होते तेव्हा त्यांनी पिशवीतून कागद काढले. माझ्यावरच नवा लेख लिहिला होता, आजार परतून आला नाही याबद्दल. नव्या पद्धतीप्रमाणे आधी माझ्या हाती. मी तो घरी नेला, पेन्सिल घेऊन बसले. एके ठिकाणी लिहिलं होतं की रुग्ण पूर्वीच्या कामावर परतली. मी ते खोडून 'पाण्यात परतली' असं केलं. बाकी सगळं खरं होतं. लेखाला मी हो म्हटलं.

सोबत फोटो हवा होता, बऱ्या झालेल्या चेहऱ्याचा. वाचणाऱ्याला पटतं, डॉक्टर म्हणाले होते, पण तुमची मर्जी. नवरा म्हणाला, आता तर छान दिसतेस, दे की. सासूबाईही म्हणाल्या, दे, कळू दे सगळ्यांना. मी खूप शोधलं, पण नाही म्हणायला माझ्याकडे काहीच कारण सापडेना. लाज गेली होती, भीती गेली होती, राग तर केव्हाच गेला होता. नुसतं द्यायचं नव्हतं. आणि कारण न देता नाही म्हणता येतं, हे सुख मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. मी 'नाही' असं कळवलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. फक्त संपादकबाईंचा फोन आला, त्याच हळू आवाजात. जागा नुसती कोरी सोडू, की तुमचं 'नाही' छापू?

"छापा," मी म्हटलं.

अंक घरी आला तेव्हा सासूबाईंनी माझ्या आधी तो हिसकावला. पहिलं पान बघितलं. जिथे फोटो असायचा तिथे एक चौकट होती आणि चौकटीत दोन ओळी. रुग्णाला छायाचित्राबद्दल विचारले. त्यांनी नाही म्हटले.

सासूबाईंनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, चष्मा वर-खाली केला.

"अगं, यात तू कुठे आहेस?"

मी त्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही काय."